थप्पड आणि पंचनामा

‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका 1998 साली सुरू झाली, 2018 पर्यंत चालली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा अवतरली. एवढ्या काळात प्रेक्षकांची एक पिढी म्हातारी झाली, दुसरी हाताशी आली. वाद मात्र तोच राहिला. पोलीस खरोखरच असा तपास करतात काय? सातारा-सांगलीकडील आपल्या घरांतही जेवणे आटोपल्यावर तो रंगतो. डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवितात आणि क्षणात खुन्याचा माग सांगतात. प्रत्यक्षात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालासाठी आठवडे नि महिने थांबावे लागते. दया दार तोडतो, पण पंच कोठे आहेत? पंचनामा कोणी लिहिला? शिवाजी साटम यांनी रंगविलेले ए.सी.पी. प्रद्युम्न तर खटला उभा राहण्यापूर्वीच फाशी जाहीर करून मोकळे होतात!

2020 साली ‘देवमाणूस’ ही मराठी मालिका आली आणि हा वाद आपल्या अंगणात येऊन बसला. वाईजवळच्या धोम येथे 2016 च्या ऑगस्टमध्ये, डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका इसमाच्या जागेतून पुरलेले मृतदेह उकरून काढण्यात आले होते व त्याच्यावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला होता. मालिका त्यावरच बेतलेली आहे, असे जो तो म्हणू लागला. मग चिकित्सेला धार चढली. तिच्यात तपासाला येतात त्या ए.सी.पी. दिव्या सिंह. आता सहायक पोलीस आयुक्त हे पद मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरांतले. सातारा व सांगली हे जिल्हे पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत. तेथे उपविभागाला उपअधीक्षक असतात. आक्षेप बिनतोड आहे. तरीही अशा चुकांनी कोणाचे काही बिघडते असे आम्हांला वाटत नाही. कथेला घाई असते, आणि अहवालाची वाट पाहत तीन महिने बसून राहणारा नायक कोण पाहील?

मात्र या साऱ्या चर्चेत एका गोष्टीवर सहसा कोणी हरकत घेत नाही. ती गोष्ट म्हणजे थप्पड. संशयिताच्या कानशिलात बसते, तो घडाघडा कबुली देतो आणि जपमाळ हातात घेऊन बसलेली आजीसुद्धा ‘बरे झाले’ म्हणते. हरकत घ्यावी तरी कशी? वास्तवाचीच कसोटी लावायची, तर मालिकेतील सर्वांत अस्सल गोष्ट ती थप्पडच ठरेल! गोम येथेच आहे. ‘कार्यपद्धती’ म्हणजे पोलीस काय करतात हे, की त्यांनी काय करणे बंधनकारक आहे हे? चाहते पहिल्या अर्थाने मोजतात, म्हणून चुकीचा हुद्दा पकडला जातो आणि थप्पड सुटते.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्याने सांगितले. जुलै 2024 पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले. मार खाणारा मनुष्य खरे बोलत नाही, मार थांबेल ते बोलतो, एवढे शहाणपण त्या परक्या सरकारलाही होते.

खऱ्या सी.आय.डी.चे मुख्यालय पुण्यात आहे, आणि पोलीस कोठडीतील मृत्यूंचा तपास याच विभागाकडे सोपविला जातो, हे किती चाहत्यांस ठाऊक असेल? 2017 च्या नोव्हेंबरात सांगली शहर पोलीस ठाण्यात, लूटमारीच्या आरोपावरून पकडलेला एक तरुण मारहाणीत मरण पावला. तो पळून गेला, असे सांगण्यात आले. त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याच ठाण्याचा एक उपनिरीक्षक व त्याचे साथीदार गजाआड झाले. तपास सी.आय.डी.कडे गेला. येथे दार तोडावयाचे नव्हते. दार पोलीस ठाण्याचेच होते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना तपासाचा निराळा नमुना अपरिचित नाही. सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्यांनी किटाळ घेतले, तेव्हा दानियेलाने कोणावर हात टाकला नाही. दोघांना वेगळे केले आणि घटना कोणत्या झाडाखाली घडली एवढेच विचारले. झाडे दोन निघाली. प्रमुख याजकापुढे प्रभू येशूला चपराक बसली, तेव्हा त्याने पुरावा मागितला: बोलण्यात वावगे काय होते ते दाखवा, नसेल तर मारता का? ख्रिस्तसभेलाही हे नेहमी आठवले असे नाही. छळ करून कबुली घेऊ नये, असे पोप निकोलस पहिले यांनी 866 साली बल्गेरियाच्या राजाला कळविले होते. 1252 साली पोप इनोसंट चौथे यांनी पाखंडाच्या चौकशीत त्याच छळाला मुभा दिली.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली अटकेचे नियम घालून दिले. अटक करतानाच एक टिपण तयार करावयाचे, त्यावर तारीख व वेळ घालावयाची आणि कुटुंबातील कोणाची किंवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावयाची. नातलगाला वा मित्राला अटकेची खबर द्यावयाची. कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावयाची. हे टिपण दाखवावयास मालिकेला दहा सेकंद पुरतील. आम्ही पाहिलेल्या एकाही भागात त्या कागदावर सही करणारी आई, भाऊ किंवा शेजारी दिसलेला नाही.