यादी पुसली, अक्षरे राहिली



"ती गोष्ट मी मनातून काढून टाकली," असे आपण सहज म्हणतो. ती खरोखर निघून जाते का? या प्रश्नाचे उत्तर मला या पावसाळ्यात एका हार्ड ड्राइव्हने दिले.

मी मूळची बेळगावची. बेंगळूरुला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तीन वर्षांपासून प्रवचनांच्या मराठी अनुवादाची सेवा करते. ते सारे काम माझ्या एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्हवर होते. माझा लॅपटॉप विंडोजचा. केंद्रावर नवा संगणक आला तो मॅक. ड्राइव्ह जोडला, तर फाइली दिसल्या, उघडल्याही. पण काही साठवता येईना. एस. पी. रोडवरच्या एका दुकानदाराने कारण सांगितले. ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने मांडलेला होता. ती विंडोजची पद्धत. मॅक ती वाचतो, पण एरवी तीत लिहीत नाही. दोन्हीकडे चालवायचा तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणाला. आणि शेवटी विचारले, "बॅकअप इदेया?" आहे का बॅकअप? मी ठामपणे म्हणाले, "इदे."

बॅकअप होता, पण मी तो तपासला नव्हता. संध्याकाळी केंद्रावर डिस्क युटिलिटीत जाऊन 'इरेज' दाबले. काही क्षणांत ड्राइव्ह कोरा झाला. मग लॅपटॉपवरची प्रत उघडली, तर एक फोल्डर उतरलाच नव्हता. एकोणीस प्रवचने गेली होती. एका वयस्कर काकूंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, डोळे दुखत असताना, ती ओळ न् ओळ तपासून दिली होती. त्यांना काय सांगायचे, या विचाराने हातपाय गार पडले.

कोरे म्हणजे काय?

केंद्रातले संगणकाची सेवा पाहणारे काका आले. त्यांचे पहिले वाक्य होते, "आता यावर एक अक्षरही लिहू नकोस." मग त्यांनी समजावले. अशा झटपट फॉरमॅटमध्ये फिरत्या तबकडीच्या ड्राइव्हवरचा मजकूर पुसला जात नाही. पुसली जाते ती यादी, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद. संगणक ती जागा रिकामी धरतो. अक्षरे मात्र तिथेच असतात. त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती राहतात.

फाइली शोधून काढणारा प्रोग्राम रात्रभर चालला. सापडलेले सारे दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवले. सकाळी एकोणीसपैकी सतरा प्रवचने मिळाली. पण फाइलींची नावे गेली होती, नुसते क्रमांक उरले होते. म्हणून एकेक फाइल उघडून पाहावी लागली. त्यातच ते पत्र निघाले.

चार वर्षांपूर्वी बाबा आजारी असताना दादा पुण्याहून आला नाही. त्या रागात मी त्याला हे पत्र लिहिले होते. पाठवले नाही, नंतर डिलीट केले. पुढे माझ्या पहिल्या शिबिरात मी खूप रडले आणि सर्वांसमोर सांगितले, "मी दादाला क्षमा केली." आता ते पत्र वाचताना कान तापले. एकही शब्द निवला नव्हता.

झोपलेले बीज

पतंजली मुनींनी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली प्रसुप्त. क्लेश झोपलेला असतो, बीजरूपाने आत असतो, आणि निमित्त मिळताच जागा होतो. आपण त्या झोपेलाच नाश समजतो.

मग शिबिरातले ते रडणे खोटे होते का? नाही. त्याने जागा मोकळी झाली होती. पण त्या जागेवर मी काहीच लिहिले नाही. दादाला फोन जायचा तो सणावारी, दोन मिनिटांचा. पतंजलींनीच उपाय सांगितला आहे, प्रतिपक्षभावना. विरोधी विचार उठला की त्याच्या उलट भाव जाणीवपूर्वक आणायचा. आणि अभ्यास कसा हवा? दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाकली, तर प्रत्येक जागेवर शून्य लिहिले जाते; मोठ्या ड्राइव्हला त्यासाठी तासन् तास लागतात. चित्ताला किती लागतील?

त्या रात्री दादाला फोन केला. पत्राबद्दल सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नोकरी नवी होती गं, रजा दिली नाही. मागायचीही भीती वाटली. तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस." मला ते आठवत नाही. त्याचे कारण पूर्ण पटले, असेही नाही. पण आता दर रविवारी आम्ही बोलतो. बहुतेक वेळा बाबांच्या औषधांबद्दल, कधी पावसाबद्दल.

काकूंनाही खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "दोनच ना? नव्या डोळ्यांनी पुन्हा वाचू."

आज एवढे करून पाहा

ज्याला आपण क्षमा केली आहे अशी एक व्यक्ती आठवा. तिचे नाव मनात घेऊन दोन मिनिटे शांत बसा. आत काही तापले, तर स्वतःवर रागावू नका. यादी पुसली होती, अक्षरे राहिली होती, एवढे ओळखा. मग तिच्यासाठी एक लहानशी कृती ठरवा आणि ती दर आठवड्याला करा.

ते पत्र मी पुन्हा पुसले. जुन्या ड्राइव्हवर आता रोज नवे अनुवाद साठवले जातात. पत्राच्या जागेवर त्यांतले कोणते उतरेल, ते मला कळणार नाही. रोज लिहीत राहणे तेवढे माझ्या हाती आहे.