परत आलेल्याचा वीरगळ

मराठी वर्तमानपत्रातली निधनवार्ता एका ठरलेल्या वाक्यावर संपते: त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या वार्तांमध्ये या वाक्याच्या आधी अधूनमधून 'माजी सैनिक' असे दोन शब्द भेटतात. हा माणूस अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला असतो आणि पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आतच पेन्शनीवर आलेला असतो. मग बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून किंवा एखाद्या कारखान्यात दुसरी नोकरी धरून मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी आणि चाळीतून ब्लॉकमध्ये जाताना काढलेले कर्ज, सगळे त्याने निभावलेले असते. आयुष्याचे हे दोन भाग बातमीत शेजारी छापले जातात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. पहिला भाग देशाचा आणि अभिमानाचा, दुसरा घरचा आणि चारचौघांसारखा, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि आपल्याच धर्मपरंपरेने ती केव्हाच खोडून काढली आहे, असे माझे म्हणणे आहे.

वाटणीची मुळे मात्र खोल आहेत. ती ठाण्याच्या परिसरातच दिसतात. ठाणे म्हणजे शिलाहार राजघराण्याचे श्रीस्थानक. ठाण्याच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीजवळच्या एकसरला, जुने वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आहेत आणि त्यांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास जो संघर्ष झाला, त्याच्याशी काही अभ्यासक ती जोडतात. वीरगळ जवळून पाहण्यासारखा असतो. खालच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर कलश. चंद्रसूर्य कोरलेले असतील तर ते आकाशात असेतो ही कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. दगड खालून वर वाचायचा, वाट एकच. घराकडे वळलेला माणूस दाखवायला त्यात पट्टीच नाही. तशाच लढाईत जे जखमा घेऊन किनाऱ्याला लागले, ज्यांनी पुढे शेत कसले, पोरे वाढवली, त्यांच्यासाठी कोणी छिन्नी हातात घेतली नाही.

आजची स्मारकेही त्याच वळणाची आहेत. डोंबिवलीत शहीद कॅप्टन विनयकुमार सचान यांचे स्मारक आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात धारातीर्थी पडले. मागे पत्नी आणि लहानगा मुलगा राहिले, आणि पत्नी कनिका पुढे स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. अशांची नावे चौकाचौकांत मोठ्या अक्षरांत असलीच पाहिजेत. पण स्मरणाचा हा एकच साचा उरला, तर परत आलेला माणूस त्यात कुठेच बसत नाही. याला एक जुना अपवाद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव दगडी पाट्या बसवल्या गेल्या. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावचे इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांचा मजकूर. दोन आकड्यांची वजाबाकी केली की परतलेल्यांची संख्या हाती येते. नावे नाहीत, पण कोणीतरी त्यांना मोजले होते.

आता धर्मग्रंथ काय म्हणतात ते पाहू. महाभारताला आपण युद्धाचे काव्य म्हणतो, पण युद्ध संपल्यावर ते संपत नाही. अठरा पर्वांतले सर्वांत मोठे शांतिपर्व सुरू होते तेच परतलेल्या योद्ध्याच्या प्रश्नाने. युधिष्ठिर जिंकला आहे आणि त्याला घरी जाववत नाही. राज्य आणि संसार टाकून वनात निघून जावे, असे त्याला वाटते. भाऊ, द्रौपदी, व्यास, सगळे त्याला अडवतात. त्यांत अर्जुनाचे बोलणे मला गाभ्याचे वाटते, कारण बोलणारा स्वतः लढून आलेला आहे. तो एक जुनी कथा सांगतो. मिसरूडही न फुटलेले काही ब्राह्मणकुमार घर सोडून रानात गेले. इंद्र सोन्याच्या पक्ष्याचे रूप घेऊन त्यांच्यापुढे आला आणि विघसाशी लोकांची स्तुती करू लागला. विघस म्हणजे जेवणानंतर उरलेले अन्न. मुलांना वाटले, ही आपलीच स्तुती. पक्षी म्हणाला, तुमची नाही. देव, पितर, पाहुणे आणि घरची माणसे जेवल्यावर जे उरेल ते खाणारा गृहस्थ तो विघसाशी, आणि त्याचे तप सर्वांत अवघड. मुले घरी परतली.

ही कथा एका धनुर्धराच्या तोंडी यावी याला अर्थ आहे. देहरादूनच्या लष्करी अकादमीत चेटवुड सभागृहात जे वचन कोरले आहे, त्याचा आशय असाच आहे: आधी देश, मग आपल्या हाताखालची माणसे, आणि आपली सोय सगळ्यांत शेवटी. पलटणीत जी शिस्त शेवटी जेवायला शिकवते, तीच घरातही लागते. म्हणजे सैनिकी आणि संसार ही दोन आयुष्ये नाहीत. व्रत एकच, जागा बदलली. बदललेल्या जागी पाहणारे कोणी नसते, बिल्ले मिळत नाहीत, आणि व्रत तीस-चाळीस वर्षे रोज पाळावे लागते. मराठी संतांनीही संसाराला कमी लेखले नाही. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी त्यांचा वेश चढवून लढाई केली, असे संतचरित्रे सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण तेच नाथ पैठणला गिरिजाबाईंबरोबर संसार करत १५९९ पर्यंत राहिले, आणि आपण त्यांना आठवतो ते त्या घरासाठी, तिथे जेवून गेलेल्या माणसांसाठी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की ज्याने प्राण दिले आणि जो पेन्शन घेऊन घरी आला, त्यांना एका पंक्तीत बसवणे हा मेलेल्याचा अपमान आहे. पंक्ती वेगळ्या असाव्यात, हे मला मान्य आहे. पंचांगानेही त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पितृपक्षात शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध चतुर्दशीला होते. तिला घातचतुर्दशी म्हणतात. अंथरुणात गेलेल्याचे श्राद्ध त्याच्या तिथीला, आणि तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. दिवस निराळे आहेत, पण पिंड सारखाच, तीळ आणि पाणीही तेच. वेगळेपण राखून कोणालाच खालची जागा न देणे आपल्या बापजाद्यांना जमले होते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आपल्याच बायकामुलांवर माया करणे यात कसला धर्म, तो तर मोह; शिवाय फौजेतून आलेली सगळीच माणसे घरात प्रेमळ असत नाहीत, काही अबोल होतात, काही तापट, काही दारूला लागतात. मग स्मरण म्हणजे खोटी स्तुतीच ना? तर्पणाचा विधी नीट पाहिला तर उत्तर सापडते. त्यात गुणवर्णन नसते. नाव, गोत्र, नाते, आणि ओंजळीतून सोडलेले पाणी. युद्धानंतर गंगेवर पांडव मृतांना पाणी देत असताना कुंती पुढे येते आणि कर्णालाही द्या म्हणते, कारण तो तुमचा थोरला भाऊ आहे. कर्णाचा पराक्रम आणि त्याचे दोष पांडवांना पाठ होते. ठाऊक नव्हते ते फक्त नाते, आणि तेवढे कळल्यावर युधिष्ठिराने त्याला पाणी दिले. मृतांचे असे स्मरण फक्त एका समाजाचे नाही. बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते, त्यांत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्यांची घरेही आली. ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. मृताला यातले काही पोचत नाही, असे चार्वाक म्हणाले होते. पोचत नसेलही. पण मनुष्य जन्मतः ऋणी असतो, असे वैदिक परंपरा म्हणते, आणि धनको गेला म्हणून कर्ज बुडवायची मुभा कोणत्याच धर्माने दिलेली नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. नोकरीच्या वर्षांत तो घरी नव्हताच. वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांच्या रजेवर येणाऱ्या माणसाचे घर त्याच्या बायकोने चालवले. पोरांची आजारपणे, रेशनची रांग, शाळेची फी, सासूसासऱ्यांची काळजी तिच्या एकटीवर होती. तेव्हा विघसाशी कोण, याचे खरे उत्तर त्या वर्षांपुरते तरी तीच आहे. 'कुटुंबवत्सल' हा शब्द त्याच्या नावामागे लावायचा, तर तिची वर्षे आधी मोजावी लागतील. परत आलेल्याचा वीरगळ कोणी कोरलाच, तर त्याच्या पहिल्या पट्टीत ती हवी.

माजी सैनिक दिन १४ जानेवारीला असतो, कारण १९५३ साली त्या दिवशी लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा निवृत्त झाले. बहुतेक वर्षी तोच संक्रांतीचा दिवस. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत ज्यांच्या इमारतीत असे गृहस्थ राहतात, त्यांनी तिळगूळ द्यायला जाताना एक वही बरोबर न्यावी. पलटण कोणती, भरती कुठे झाली, बदल्या कुठे कुठे झाल्या, परत आल्यावर पहिली नोकरी कोणती धरली, आणि त्या सगळ्या वर्षांत घर कोणी सांभाळले, हे विचारून लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न त्यांच्या पत्नीला विचारावा.