मेंढरा-मेंढरांमधला न्याय

शास्त्रपाठ : यहेज्केल 34:1-22



यहेज्केलाच्या पुस्तकाचा 34 वा अध्याय आम्हा प्रवचन करणाऱ्यांच्या मोठ्या आवडीचा आहे. त्याच्या पूर्वार्धात देव मेंढपाळांना खडसावतो. त्यांनी कळपाची लोकर पांघरली, पुष्ट मेंढरे कापून खाल्ली. पण दुबळ्याला बळ दिले नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याचा शोध केला नाही. हा भाग वाचला की मंडळीत माना डोलू लागतात. कोणाला पुढारी आठवतात, कोणाला महानगरपालिका आणि कोणाला, खरे बोलावयाचे तर, पाळकसाहेब. आम्ही स्वतः ह्या अध्यायावर तीन-चार वेळा बोललो आहोत आणि दर वेळी 16 व्या ओवीपाशी थांबून प्रार्थनेसाठी मंडळीला उभे केले आहे.

परंतु अध्याय तेथे संपत नाही. 17 व्या ओवीत देव मेंढपाळांकडून तोंड वळवतो, कळपाकडे पाहतो, आणि आपण मेंढरा-मेंढरांमध्ये न्याय करणार असे सांगतो. आरोप काय आहे? तुम्ही चांगल्या कुरणात चरलात ते पुरे झाले नाही काय, की उरलेले कुरण पायांखाली तुडवावे? तुम्ही निवळ पाणी प्यालात, मग उरलेले पायांनी गढूळ का केले? तुमच्या मागून आलेल्या मेंढरांना ते तुडवलेले गवत खावे लागते आणि तेच गढूळ पाणी प्यावे लागते.

येथे चरण्याला दोष दिलेला नाही. पाणी पिण्यालाही नाही. दोष पायांचा आहे. ते धष्टपुष्ट मेंढरू दुबळ्या मेंढराचा द्वेष करते असेही शास्त्र येथे म्हणत नाही. त्याची तहान भागली, ते पाण्यातून चालत निघाले. मागे कोण उभे आहे हे पाहण्याचे त्याला कारण उरले नाही, एवढेच.

ही ओवी आम्हांला प्रवचनपीठावर समजली नाही. ती समजली 2019 च्या ऑगस्टमध्ये, गुडघाभर चिखलात.

त्या वर्षीचा पाऊस बेळगाव जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नको. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय आणि कृष्णा एकाच आठवड्यात फुगल्या; गोकाक, रामदुर्ग पाण्यात गेले; तिकडे सांगली-कोल्हापूरचे हाल झाले. बेळगाव शहरातही सखल भागांत पाणी शिरले. आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी नाल्याकाठच्या वस्तीत राहतात. लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणतात. पाणी ओसरल्यावर आम्ही काही तरुणांना घेऊन त्यांचे घर साफ करावयास गेलो. घराच्या वरच्या अंगाला नाल्यावर लहानशी मोरी आहे. तिचे तोंड तुंबले होते. फावड्याने उपसताना थर्माकोलची ताटे निघाली, प्लास्टिकचे पेले निघाले, आणि शेवटी चिखलाने माखलेला एक फ्लेक्स निघाला. जुलैच्या अखेरच्या रविवारी आमच्या मंडळीचा वर्धापनदिन झाला होता, त्याचा तो फ्लेक्स. वर पाहुण्या वक्त्यांचे छायाचित्र, खाली कमिटीची नावे. त्यांत आमचेही नाव होते. त्या दिवशीच्या प्रीतिभोजनाची व्यवस्था आमच्याकडेच होती. उष्टी ताटे पोत्यांत भरून मागच्या बाजूला कोठे टाकली गेली हे आम्ही विचारलेही नव्हते. अशा ताटांवर आणि फ्लेक्सवर कर्नाटकात 2016 पासून बंदी आहे, हेही आम्हांला ठाऊक होते.

मावशींनी तो फ्लेक्स पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "हा आपल्याच चर्चचा बोर्ड नव्हे का हो?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हांला उत्तर सुचले असते.

आता कोणी म्हणेल, नाला तुंबणे वेगळे आणि पृथ्वीचे हवामान बदलणे वेगळे. बरोबर आहे. पाऊस काही आमच्या ताटांनी पाडला नाही. कोणताही एक पूर केवळ हवामानबदलानेच आला असे म्हणण्याची घाई करू नये. तथापि हे दोन्ही विषय आमच्या मनात तेव्हापासून जोडलेले राहिले, कारण दोन्हींत चूक एकाच जातीची आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणारा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि कोणाच्या दाराशी अडकून फ्लेक्ससारखा नावही दाखवत नाही. कारखाने वाढण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. हा वायू घोंगडीप्रमाणे उष्णता धरून ठेवतो. हवा एक अंश सेल्सिअस तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. 2024 हे वर्ष त्या जुन्या काळाच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले भरले. आणि पाऊस कोसळतो तसा दडीही मारतो. पुरानंतर चारच वर्षांनी, 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी कर्नाटक सरकारने 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले.

हे लोकांना पटत नाही असे नाही. येल विद्यापीठ व सी-व्होटर यांनी 2021-22 च्या सुमारास भारतात एक पाहणी केली. निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले की, ह्या विषयाची आपल्याला फारशी माहिती नाही किंवा आपण त्याविषयी कधी ऐकलेच नाही. पण थोडक्यात समजावून दिल्यावर 84 टक्के लोक म्हणाले, होय, असे घडत आहे. शेतकऱ्याला तर समजावूनही द्यावे लागत नाही. प्रश्न पटण्याचा नाही. पटल्यावर आपण कोणाकडे बोट दाखवतो, हा आहे.

आमच्या प्रार्थनासभांत हा विषय निघाला की बोट बहुधा अमेरिकेकडे जाते. ते खोटेही नाही. तेथे माणशी वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आपल्याकडे सुमारे 2 टन. त्या मेंढपाळांचा आणि त्या बलाढ्य मेंढरांचा न्याय झालाच पाहिजे. राज्यकर्त्यांनी आणि श्रीमंत राष्ट्रांनी आपला वाटा उचलावा ही मागणी मंडळीने मोठ्याने करावी, असे आमचे मत आहे. परंतु 2 टन ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या आड लपणे फार सोपे. मावशींच्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि महिनोन्महिने पुरवून वापरलेला गॅसचा सिलिंडर. आमच्या घरी फ्रीज, गिझर, मोटार आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेला एसी. देशातील वीज 2023 साली सुमारे तीन चतुर्थांश कोळशापासूनच झाली. आमचा आणि मावशींचा वाटा एकत्र करून, त्याला दोनाने भागून, आम्ही अमेरिकेपुढे गरीब म्हणून उभे राहावे काय? मागच्या मेंढराच्या दुबळेपणावर पुढच्या मेंढराने माफी मागण्यासारखे ते होईल.

काही बंधू शास्त्रातूनच उत्तर देतात. एक म्हणतात, देवाने नोहाला वचन दिले आहे, पृथ्वी पुन्हा पुराने नष्ट होणार नाही; मग चिंता कसली? ते वचन अढळ आहे यात संशय नाही. पण उत्पत्ती 9 मध्ये आपण काय करणार नाही हे देवाने सांगितले. माणूस काय करील याची हमी त्याने घेतलेली नाही. शिवाय तो करार एकट्या नोहाशी नाही. तारवातून निघालेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी तो आहे, आणि हे त्या अध्यायात पुनःपुन्हा आले आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. आपण मुलांकडून तारवाचे चित्र रंगवून घेतो, जिराफाची मान बाहेर काढतो, इंद्रधनुष्य काढतो, आणि धडा संपतो. त्या कराराच्या दुसऱ्या बाजूला जिराफही उभा आहे हे मुलांना सांगावयाचे राहून जाते. तसेच उत्पत्ती 1:28 मधील सत्ता शिकवताना 2:15 सोडू नये. आदामाला बाग दिली ती मशागत आणि राखण करण्यासाठी. 1967 साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने पृथ्वीच्या ह्या दुर्दशेचे खापर पुष्कळसे पाश्चात्त्य ख्रिस्ती शिकवणुकीवर फोडले होते. त्यांचे सारे म्हणणे आम्हांला मान्य नाही. पण पहिली ओवी शिकवून दुसरी गाळण्याची आपली सवय पाहता, ते निराधारही म्हणता येत नाही.

दुसरे बंधू 2 पेत्र 3 उघडतात. पृथ्वी अग्नीने लयास जाणारच आहे, तर तिची डागडुजी कशाला? हे सांगणाऱ्या एका आदरणीय बंधूंनी त्याच वर्षी घरावर दुसरा मजला चढवला. आम्ही त्यांना प्रेमाने विचारले, तेव्हा ते हसले. लूक 12 मधील कारभारी आठवावा. धन्याला यावयास उशीर आहे असे मनात म्हणून तो खाऊ-पिऊ लागला आणि दासदासींना मारू लागला. धनी येणार की नाही, हा वाद तेथे नाहीच. धनी आल्यावर घरातील दुबळी माणसे कोणत्या स्थितीत सापडणार, हा आहे.

येथवर लिहिल्यावर आमच्या मंडळीने काय केले ते सांगणे भाग आहे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही. पुरानंतर आम्ही पंचांपुढे कबुली दिली. सर्वांनी ऐकून घेतले, प्रार्थना झाली, मावशींना मदतही झाली. मग दुसऱ्याच वर्षी गाड्या लावण्यासाठी आवारातील चिंचेचे झाड तोडून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले. आता आवारात मुरणारे पाणी गल्लीत धावते. गल्लीतून ते कोठे जाते हे आता आम्हांला माहीत आहे. चर्चपासून चालत दहा मिनिटांवर राहणारी सहा कुटुंबे मोटारीने उपासनेला येतात. त्यांत गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्ही होतो. वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी गाडीतून यावे, त्यांच्याविषयी हे नाही. छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव दोन सभांत पुढे ढकलला गेला आहे. भिंतीलगतची ब्लॉकची एक रांग उखडून तेथे पुन्हा रोपे लावावीत, एवढे मात्र मंजूर झाले.

एक गोष्ट झाली. मंडळीच्या कोठीत स्टीलची जुनी ताटे-वाट्या पोत्यांत पडून होत्या. महिला मंडळाने पूर्वी वर्गणी काढून त्या घेतल्या होत्या. काहींवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. घासावयास कोणी तयार होईना, म्हणून थर्माकोल आला होता. यंदा कापणीच्या सणापूर्वी आम्ही ती बाहेर काढली. मोजल्यावर 212 ताटे भरली. वाट्या कमी आहेत, त्या घरून आणाव्या लागतील. भांडी घासण्याची यादी उपासनेनंतर दाराशी लावली तेव्हा मावशी पुढे आल्या आणि आपले नाव लिहा म्हणाल्या. पाळकसाहेबांनी त्यांना बसावयास सांगितले. पहिल्या पाळीत पाच पंच आणि आम्ही आहोत. दुसऱ्या पाळीच्या चार जागा अजून रिकाम्या आहेत.