टिंबाआडचा कारभार

दडवून ठेवणं वाईट, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. शिकवणारे मात्र लाडवांचा डबा माळ्यावर दडवूनच शिकवतात. या विसंगतीचा विचार मी चाळिशी उलटेपर्यंत केला नव्हता. बी.कॉम.ला तत्त्वज्ञान सक्तीचं नसतं. पण परवा ते मला शिकावं लागलं, आणि शिकवणारं होतं एक टिंब!

आम्ही पुनावळ्याला राहतो. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि पुढे शेतांत ज्वारीऐवजी मजले उगवू लागले. त्यांतल्याच एका सोसायटीत आमचा फ्लॅट. सोसायटीची वेबसाइट आहे. तिच्यावर सभांच्या नोटिसा असतात, टँकरचं वेळापत्रक असतं, आणि एका कप्प्यात मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी असते. हा कप्पा फक्त कमिटीसाठी. पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही.

जुन्या होस्टनं दर वाढवले, तेव्हा नवा होस्ट शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. “तुम्ही बँकेत आहात, व्यवहार तुम्हालाच कळणार,” असं चेअरमन म्हणाले. काउंटरवर बसून पासबुकं छापणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे असे गोड गैरसमज असतात. आपण कशाला दूर करा!

मी तीन होस्टचे दर मागवले, तक्ता केला. एकाचा पहिल्या वर्षाचा दर स्वस्त आणि दुसऱ्या वर्षाचा तिप्पट, तोही मुंगीच्या अक्षरात. मी तो पकडला. मुंगीची अक्षरं हा आमचा घरचा धंदा! पण जे मुंगीच्या अक्षरातसुद्धा छापलेलं नसतं, ते कसं पकडायचं?

रविवारी दुपारी मी स्वतः फाइली हलवल्या. जुन्या जागी 412, नव्या जागी 412. आकडा जुळला की बँकेतला माणूस झोपतो. मीही झोपलो.

मंगळवारी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. चाकणच्या एका कारखान्यात होते, वर्षभरापूर्वी नोकरी गेली. मेंटेनन्स हप्त्यांनी भरू द्या, अशी त्यांनी कमिटीला गुपचूप विनंती केली होती. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “साहेब, ती यादी बंद होईल का? काल मुलाच्या मित्रानं बघितली.”

नव्या घरी कप्प्याचं कुलूप आलंच नव्हतं. रविवारपासून यादी साऱ्या जगाला उघडी होती.

बँकेत रुजू होताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. कुणाच्या खात्यात किती, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. (तिनं विचारलेलंही नाही, पण ते असो.) आणि मीच एका माणसाची लाज चव्हाट्यावर मांडून बसलो होतो!

मी आधी तो कप्पाच काढून टाकला आणि मग हिंजवडीच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, डॉट एचटीॲक्सेस आणली नाहीस का?”

“अरे, पण ती दिसलीच नाही!”

“दिसणार नाहीच. नावाच्या आधी टिंब आहे ना!”

झालं होतं ते असं. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांत ज्या फाइलीच्या नावाआधी टिंब, ती यादीत दाखवायची नाही असा रिवाज आहे. याची कथाही मोठी मजेची. 1970 च्या आगेमागे बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं. तिथं प्रत्येक कप्प्यात ‘टिंब’ आणि ‘दोन टिंबं’ अशा दोन नोंदी असत. यादीत त्या नकोत म्हणून कुणीतरी सोपी पळवाट काढली : पहिलं अक्षर टिंब असेल तर नोंद वगळायची. पुढे लोक त्या टिंबाआड आपल्या फाइली ठेवू लागले. पासवर्ड कुठे मागायचा, जुना पत्ता कुठे वळवायचा, हा सगळा कारभार ही फाइल बघते. मात्र तो ॲपाची नावाच्या सर्व्हरवर. एंजिन-एक्स नावाचा दुसरा सर्व्हर आहे, तो ही फाइल वाचतच नाही. आणि वाचली तरी तिच्यात पासवर्डांच्या फाइलीचा पत्ता जुन्याच घरचा लिहिलेला असतो!

माझे आकडे जुळले कसे, तेही कळलं. दोन्हीकडे तीच फाइल दिसत नव्हती. जी नोंद कुठल्याच बाजूला केलेली नाही, ती चूक तेरजेत सापडत नाही, हे मी बी.कॉम.ला पाठ केलं होतं. मार्कही मिळाले होते. अक्कल आता आली.

मला आधी राग आला तो दडवण्याचा. मग वाटलं, थांबा. ती दडलेली फाइल होती म्हणूनच तर त्या गृहस्थांची अब्रू वर्षभर झाकलेली होती. म्हणजे दडवणं सरसकट वाईट नाही. मग वाईट काय?

याचं उत्तर मला आमच्या पुनावळ्यातच सापडलं. इथं महापालिकेनं कचरा डेपोसाठी जागा राखून ठेवली होती. डिसेंबर 2023 मध्ये तो प्रकल्प रद्द केल्याची घोषणा विधिमंडळात झाली, तोवर वर्षानुवर्षं लोक आंदोलनं करत होते. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा रंगीत माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता, फुलपाखरंही होती. डेपो नव्हता. महापालिकेच्या नकाशात होता, पण टिंब लावलेला! थकबाकीची यादी आम्ही परक्यांपासून लपवली. डेपो लपला तो घर घेणाऱ्यापासून. परक्यापासून झाकलं तर मर्यादा, मालकापासून झाकलं तर लबाडी. एवढाच काय तो फरक, पण त्यात सगळं नीतिशास्त्र आलं.

मग मी तिन्ही होस्टना पुन्हा फोन केले आणि दराऐवजी तीन प्रश्न विचारले : टिंबाच्या फाइली मला दाखवाल का? त्या वाचाल का? आणि उद्या मी सोडून निघालो, तर त्या मला नेऊ द्याल का? एकानं तिन्हींना सरळ ‘हो’ म्हटलं, आणि दाखवण्याची खूण कुठे करायची तेही सांगितलं. तो सगळ्यांत स्वस्त नव्हता. आम्ही तोच घेतला.

कुलूप बसल्यावर मी वरच्या मजल्यावर माफी मागायला गेलो. गृहस्थ म्हणाले, “जाऊ द्या हो, चहा घ्या.” तो चहा मला फार कडू लागला. साखर भरपूर होती.

घरी येऊन बायकोला माझा सिद्धांत ऐकवला. मालकापासून काही लपवायचं नसतं, हे दोनदा सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, “लाडवांचा डबा कुठे असतो, माहीत आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मग या घराचे मालक कोण, ते कळलं ना?”