दोन बोटं कमी पडली तेव्हा



आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९.

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. यशोदा दही घुसळतेय. कान्हा येतो, रवी धरून ठेवतो. त्याला आत्ताच्या आत्ता प्यायचंय. ती त्याला मांडीवर घेते, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. मग त्याला तसंच, अर्धपोटी, खाली ठेवून ती धावते. पुढे रुसवा, फुटलेलं मडकं, पळापळ, आणि शेवटी उखळाला बांधायचा दोर. तो दोन बोटं कमी पडतो. ती दुसरा दोर जोडते. पुन्हा दोन बोटं कमीच!

लहानपणापासून हे कीर्तनात ऐकत आले. कळलं मात्र माझ्या बाळंतपणात, माहेरी, अंबाजोगाईला.

सिझेरियन झालं होतं. तिसरा दिवस. लेकरू छातीशी धरलं की दोन घोट ओढायचं, सोडायचं आणि रडून लालबुंद व्हायचं. मला इतकं दुखायचं की ते जागं होताना दिसलं तरी पोटात गोळा यायचा. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "दूध येतंय का गं?" कुणी म्हणालं, हिला पान्हाच नाही. कुणी म्हणालं, मधाचं बोट चाटवा, गुळाचं पाणी पाजा. रात्री तीन वाजता मी योगेश्वरीला हात जोडले. म्हटलं, माय, जगाला पोसतेस ना तू? मग माझंच लेकरू उपाशी का?

उत्तर सकाळी आलं, एका सिस्टरच्या रूपात. त्या शेजारी बसल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, दूध आहे. धरायची रीत चुकतेय."

बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. त्याने मोठा आ केला, तेव्हाच त्याला जवळ ओढलं. नुसती बोंडी नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. बोंडीच ओढली गेली की चिरा पडतात, आईला दुखतं आणि बाळाला दूधही कमी मिळतं. मी वाटीत पिळून काढलेले चिकाचे चार थेंब बघून रडत होते, तर त्या म्हणाल्या, "ही त्याची पहिली लस आहे. चमच्याने पाजा, एक थेंब टाकू नका. सिझेरियननंतर दूध उतरायला जरा उशीर होतो कधीकधी." दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, कारण बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. मध वर्षाच्या आत नाहीच, आणि पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही.

आता दोराकडे या. भागवताचे जाणकार सांगतात, त्या दोन बोटांतलं एक बोट आईच्या प्रयत्नाचं आणि दुसरं देवाच्या कृपेचं. मी रात्री नुसती कृपा मागत होते. पण कृपा आली ती मला प्रयत्न शिकवायला. मदत मागणं हीसुद्धा दोर जोडणंच आहे, नाही का? लाज वाटून गप्प बसलो तर दोर आखूडच राहतो.

आणि अजून एक बघा. कृष्ण बांधला गेला तो दोर पुरला म्हणून नाही. आई घामाघूम झालेली, थकलेली त्याने पाहिली आणि तो आपणहून बांधला गेला. देवाने दोराची लांबी मोजलीच नाही. मग आपण आईपण दुधाच्या मापाने का मोजतो?

कारण सगळे प्रयत्न करूनही काहींना दूध पुरत नाही. बाळ सुस्त पडतंय, पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा वेळाही लघवी करत नाही, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येत नाही, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. वरचं दूध द्यावं लागलं तर द्यावं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं दूध दुसरीच्या तान्ह्याला मिळू लागलं. गोकुळात तरी वेगळं काय होतं? जन्म दिला देवकीने, पाजलं यशोदेने.

पूतना आठवते ना? ती तर विष घेऊन आली होती. तरी तिने छातीशी धरलं, एवढ्यावर देवाने तिला आईची गती दिली. मग रात्ररात्र जागून, दुखणं सोसून जी लेकराला जवळ घेते, ती त्याच्या दारात कमी कशी ठरेल?

आजचा संकल्प : घरात, मैत्रिणींत कुणी बाळंतीण असेल तर आज तिला "दूध येतंय का?" विचारायचं नाही. "तू जेवलीस का? घटकाभर झोपतेस का, मी बाळाला घेते" असं म्हणायचं. दादालोकांनो, हे तुम्हालाही आहे बरं!

माय योगेश्वरी, थकलेल्या प्रत्येक आईच्या हातातला दोर तू पुरा कर.

राम कृष्ण हरी!