ढिबऱ्याचें मोल

मोटारीच्या रंगांत किंवा ओठांस लावण्याच्या लालींत जी चकाकी दिसते ती पुष्कळदा अभ्रकाची असते. हें अभ्रक आपल्या देशांत झारखंडांतील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारांतील नवादा ह्या जिल्ह्यांतही निघतें. १९८० सालीं वनसंरक्षणाचा कायदा झाल्यावर तेथील बहुतेक खाणी हळूहळू बंद पडल्या. पण जमिनींतलें अभ्रक संपलें नाहीं आणि लोकांची भूकही राहिली नाहीं असें नाहीं. म्हणून गरीब कुटुंबें जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांत आणि अरुंद विवरांत शिरून अभ्रकाचे तुकडे वेंचतात. तिकडे त्यास ढिबरा म्हणतात. मुलेंही ह्या कामास लागतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, झारखंडाच्या ह्या पट्ट्यांतील ६ ते १४ वर्षांचीं ४,५४५ मुलें शाळेंत जात नसल्याचें आढळलें.

हा ढिबरा गांवचा व्यापारी घेतो, त्याजकडून मोठा व्यापारी, मग निर्यात करणारा. वाटेंत तो परवान्याच्या मालांत मिसळला कीं कोणता तुकडा कोणाच्या हातचा हें ओळखूं येत नाहीं. शेवटीं कंपनी म्हणते, "आम्हीं कागद पाहून माल घेतला." वाचकहो, हें उत्तर पुरेसें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. माल इतका स्वस्त कां, हें ज्यानें कधीं विचारिलेंच नाहीं, त्याचें अज्ञान त्यानें स्वतःच पोसलेलें आहे.

मग तें अभ्रक घेऊंच नये, असें कोणी म्हणेल. ब्रिटनमधील लश नांवाच्या प्रसाधनें करणाऱ्या कंपनीनें २०१८ पर्यंत खाणीचें अभ्रक सोडून कृत्रिम अभ्रक घेतलें. हेतु चांगला. परंतु सर्वांनींच असें केलें तर कंपन्यांचे हात निर्मळ होतील आणि गिरिडीहचा बाप ढिबऱ्याच्या चार पैशांसही मुकेल; त्याचें मूल शाळेंत जाईलच असें नाहीं.

२०१७ सालीं पॅरिसमध्यें रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नांवाचें मंडळ स्थापन झालें. तें घेणें न सोडतां मालाचा माग काढतें व खेड्यांत शाळा आणि दुसरी उपजीविका ह्यांसाठीं झटतें. हा मार्ग आम्हांस अधिक बरा वाटतो; मात्र घेणाऱ्यांनींच आपली झडती घ्यावी ह्याविषयीं थोडी शंकाही वाटते. प्रौढाच्या मजुरींत घर चालत नाहीं तोंवर, दर गोणीवर पहारा बसविला तरी मूल विवरांत उतरणारच. तेव्हां ढिबऱ्याचा भाव चढवून देण्यास किती कंपन्या तयार आहेत, हें त्या मंडळास प्रथम विचारिलें पाहिजे.