डोमकळी आणि पडदा

जालन्याच्या मोंढ्यात एका शेठचं बियाणं-औषधांचं दुकान होतं. जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी इथंच उभी केली. शेतकऱ्याला पाकिटावरचं चित्र पुरत नाही, पीक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो पिशवीला हात लावत नाही, हे मोंढ्यातला पोरसवदा नोकरही सांगेल.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातली कपाशी पोखरली. शेठच्या उधारीच्या वहीत तो हंगाम अजून वसूल झालेला नव्हता. म्हणून त्यानं ठरवलं की दर ऑगस्टात गावोगाव मेळावे घ्यायचे आणि डोमकळी कशी ओळखायची ते शेतकऱ्यांना दाखवायचं. कपाशीचं फूल नीट न उमलता पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिल्या, की समजावं अळी आत आहे. तेव्हाच कळलं तर डोमकळ्या तोडून नष्ट करता येतात, वावरात कामगंध सापळे लावता येतात. सापळे अर्थातच शेठच्या दुकानातले. धंद्यातून चार लोकांचं भलं होत असेल तर त्यात वाईट ते काय!

फोटो पडद्यावर मोठे करून दाखवायचे, म्हणून प्रोजेक्टर आणायला पुतण्याला पाठवलं. पुतण्या हुशार, पण आकड्यांवर भाळणारा. ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा होता, ते त्यानं उचललं. ९००० लुमेन, आणि किंमतही स्वस्त.

पहिला मेळावा जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, मांडव घालून, सकाळी ११ वाजता. मशीन सुरू झालं. पुतण्या काठीनं दाखवत होता, "ही बघा अळी." लोक माना वाकड्या करून बघत होते. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "पडदा तर दिसला बाबा, अळी कुठंय?"

मांडव हसला. त्या दिवशी सापळा एकही खपला नाही.

पुतण्यानं निष्कर्ष काढला की आणखी मोठा आकडा आणायला हवा. शेठनं मात्र गल्लीतल्या चाचांना बोलावलं. चाचा आता मोटारी, मिक्सर, भोंगे दुरुस्त करायचे. तरुणपणी यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून त्यांच्यातल्या झगझगीत ठिणगीवर पिक्चर दाखवायचा तो काळ.

चाचांनी मशीनकडे पाहिलंही नाही. विचारलं, "खेळ किती वाजता लावला होता?"

"११ वाजता."

"रात्री?"

"सकाळी, चाचा."

चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेटा, आमच्या मालकाचं एवढं मोठं मशीन, पण दिवस मावळल्याशिवाय त्यानं कधी तिकीट फाडलं नाही. मशीन उजेड फेकतं, काळोख फेकत नाही. चित्रात जिथं काळं दिसायला पाहिजे, तिथं मशीन काहीच टाकत नाही. तिथं ऊन आलं की काळं आणायचं कुठून?"

पुतण्याला हिशेब कळत होता, म्हणून त्यानं तो मांडून पाहिला. चांगल्या मशीनचे खरे ३००० लुमेन धरले आणि पडदा ८ बाय ६ फुटांचा, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आसपास, तर पडद्यावर पावणेसातशे लक्सच्या आत उजेड पडतो. बाहेर दिवसा नुसत्या सावलीतही हजारो लक्स असतात. शिवाय खोक्यावरच्या ९००० ची कथा माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात निघाली. ठरल्या पद्धतीनं मोजलेले, म्हणजे आन्सी लुमेन, फक्त २५० होते.

मग तिघं संभाजीनगरला गेले. जाताना चाचांनी एका ओळखीच्या वावरातून डोमकळी आणि किडकं बोंड रुमालात बांधून घेतलं. दुकानदारानं दिवे मालवून पहिलं मशीन लावलं. डीएलपी, एका चिपचं. आत रंगीत चकती फिरते आणि उजेड वाढावा म्हणून त्या चकतीत एक पांढरा तुकडा असतो. पांढरं पान लख्ख उमटलं. चाचांनी अळीचा फोटो लावायला सांगितला आणि बोंड उकलून खरी अळी पडद्याशेजारी धरली. हातातली गुलाबी, पडद्यावरची मळकट. ही अळी लहानपणी पांढरट असते, वाढली की गुलाबी होते; तो रंगच गेला तर शेतकऱ्यानं ओळखायचं काय?

दुसरं मशीन तीन एलसीडी पॅनेलचं, लुमेन पहिल्यापेक्षा कमी. लाल, हिरवा, निळा एकाच वेळी पडतात, त्यामुळे रंगाचा उजेड पांढऱ्याइतकाच राहतो. अळी गुलाबी दिसली. दुकानदार नाराज झाला, कारण पहिल्यावर त्याला जास्त सुटत होतं.

दिवा की लेझर, यावर शेठ अडला. लेझर महाग. चाचांनी गावच्या विजेची आठवण करून दिली. दिव्याचं मशीन तापलेलं असताना लाइट गेली तर पंखाही थांबतो, दिव्याला ते सोसत नाही. लाइट आली तरी तो निवेपर्यंत लोक उठून जातात. दिवा चार-पाच हजार तासांत बदलायचा, लेझर वीस हजारांच्या घरात चालतो. शेठनं मनातल्या मनात चार दिव्यांची किंमत जोडली आणि लेझर घेतलं. एक खोट होतीच: या मशीनच्या जाळीत धूळ बसते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांना धुळीचा तोटा नाही. जाळी झटकायचं काम पुतण्याकडे आलं. हौसेनं नव्हे, पण तो करतो.

आता मेळावा संध्याकाळी साडेसातला, देवळाच्या सभामंडपात असतो. बायाही येतात, कारण तोवर वावरातली कामं उरकलेली असतात. हा फायदा कुणाच्या हिशेबातच नव्हता.

हे पाहून औद्योगिक वसाहतीतला एक सळईवाला चाचांकडे आला. "शेठनं घेतलं तेच मला घेऊन द्या. पैशाची चिंता नाही."

"तुम्ही त्यावर दाखवणार काय?"

"भाव. टनाचे दर, महिन्याची विक्री. सगळे आकडेच."

"मग ते नको. आकड्यांना गुलाबी रंग कशाला? ते पहिलं, पांढरं लख्ख पाडणारं घ्या. तुमच्याकडं लोखंडाची धूळ. त्याचा आतला भाग बहुतेक बंद असतो, तेही बरं. पण तुमच्या मीटिंगच्या खोलीला खिडक्या किती?"

"दोन्ही बाजूंनी काचच आहे," सळईवाला कौतुकानं म्हणाला. "मुंबईच्या ऑफिससारखी."

"पडदे?"

"पडदे कशाला? एवढी महाग काच झाकायची?"

"मग आधी शिंप्याकडं जा, शेठ," चाचा म्हणाले आणि समोरचा मिक्सर उघडायला लागले.